माईंच्या सायकलला नवा चिमटा

"रस्ता हातापर्यंत पोचूच नये, असं करता आलं तर, माई?"

माई पडवीत वाकळ शिवत बसल्या होत्या. सुई कापडात अर्धी रुतलेली.

"मग कुठवर पोचावा?"

 वैजनाथनं हातातला फोन पुढं केला. पडद्यावर सायकलच्या चिमट्याचं चित्र होतं. पुढचं चाक ज्या दोन पायांच्या मधे बसतं, तो चिमटा. पण हा साधा लोखंडी नव्हता. पायांत स्प्रिंगा होत्या, तेल होतं. दगड लागला की पाय आत सरकायचे, दगड मागं पडला की पुन्हा बाहेर यायचे.

"शॉकचा चिमटा म्हणतात याला. खड्डा आला तर चाक वरखाली होतं, हँडल जागच्या जागी. सगळा दणका हाच गिळतो."

"सगळा?"

"सगळा."

माईंनी चित्र पाहिलं. मग त्याचे हात पाहिले, जरा जास्तच वेळ.

"बसव," त्या म्हणाल्या, आणि सुई ओढून घेतली.

वैजनाथ समजूत घालायची तयारी करून आला होता. माई नको म्हणतील, मग आपण असं सांगू, तसं सांगू. सगळं तोंडात राहिलं.

*

माईंचा मठ म्हणजे घाटमाथ्यावरच्या जांभ्या दगडाच्या दोन खोल्या, पडवी आणि समोर रवळनाथाचं लहानसं देऊळ. मठ असं त्याला कुणी मुद्दाम म्हटलं नव्हतं. माई एके काळी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. घाटाखालच्या धनगरवाड्यांवर बाळंतपणं करायला त्या सायकलवरनं उतरायच्या. नऊवारीचा काचा मारलेला, सायकल पुरुषी दांडीची, गळ्यात पिशवी. आधी लोक हसले, मग लोकांना सवय झाली, आणि मग लोक त्या सायकलच्या घंटीची वाट बघायला लागले.

नोकरी संपल्यावर माई गावाकडं परत गेल्या नाहीत. देवळाशेजारी राहिल्या. कोणी ना कोणी येऊन बसायचं. माई फार बोलायच्या नाहीत, म्हणून माणसं जास्तच यायला लागली.

खालच्या वाड्यांवर एक बोलणं होतं. माईला भ्या ठावं न्हाई.

वैजनाथनं हेच ऐकलं होतं, आणि म्हणूनच तो आला होता. पण तसं त्यानं सांगितलं नाही. "जरा शांतता पाहिजे, माई," एवढंच म्हणाला होता.

तो गडहिंग्लजकडचा. सायकलच्या शर्यती मारणारा. सपाटीवर त्याला गाठणारे होते, चढावर तर बरेच होते, पण उतारावर कुणी नव्हता. घाटाचा राजा म्हणायचे त्याला. त्यालाही ते गोड लागायचं.

त्याच्याबरोबर सरावाला गुंडू असायचा. वयानं थोडा लहान, भक्त म्हणावा असा. वैजनाथच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक जवळजवळ टेकवून तो उतरायचा. वैजनाथ त्याला सांगायचा, "तू फक्त माझं चाक बघ. रस्ता मी बघतो."

एका सकाळी वैजनाथनं एक वळण रोजच्यापेक्षा जोरात घेतलं.

तो पार झाला. मागून आवाज आला.

उतारावर मागं बघायचं नसतं, हा त्याचाच नियम. त्यानं बघितलं नाही. पुढचं वळण येऊन गेलं तरी बघितलं नाही. जेव्हा थांबून, परत वर जाऊन बघितलं, तेव्हा रस्ता रिकामा होता आणि कठड्याच्या एका दगडावर ओरखडा होता, पांढरा, ताजा...

गुंडू गेला.

त्यानंतर वैजनाथ चढ चढायचा, पण उतार लागला की त्याची बोटं ब्रेकवर अशी आवळायची की त्याची त्यालाच सोडवता यायची नाहीत. कानात मागून काहीतरी यायचं. काही येत नसतानाही यायचं. मग तो उतरायचा आणि सायकल हातात धरून खाली चालत जायचा.

कुणी विचारलं तर सांगायचा, गुडघा दुखतो. ब्रेक लागत नाहीत. रस्ता फार खराब झालाय.

भीती हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही बाहेर पडला नाही.

*

माईंनी त्याला काही शिकवलं नाही. आपली जुनी सायकल त्याच्या हातात दिली.

"वाड्यावर जाऊन दूध घेऊन येत जा."

सायकल विलायती बनावटीची. नळ्या पोलादी, सांधे पितळेनं जोडलेले, रंग गेलेला तरी अंग सरळ. वाड्याकडं जाणारी वाट म्हणजे जुनी घाटवाट. दगडगोटे, झाडांची मुळं, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. जीप तिथं जात नाही. मोटारसायकल कशीबशी जाते, पण मठात मोटारसायकल नव्हती.

वैजनाथ रोज सायकल घेऊन निघायचा. मठाच्या नजरेआड झाला की उतरायचा.

माईंच्या नजरेआड मात्र काही होत नसावं.

"वैजू, सायकल चालवतोस, का फिरवून आणतोस तिला?"

"वाट खराब आहे, माई."

"हं."

तो 'हं' त्याला झोंबला.  वाटच खराब आहे, हे आता सिद्ध करायला हवं होतं. वाट काही बदलता येत नव्हती. म्हणून चिमटा. दणका गेला आणि आपण उतरलो, की दोष वाटेचाच ठरणार.

*

पार्सल आलं त्या दिवशी तो सकाळपासून पडवीत पसारा मांडून बसला.

जुना चिमटा निघाला सहज. आतल्या बेअरिंगच्या गोळ्या अजून चकचकीत होत्या. पण नवा बसेना. सायकलच्या मानेचं, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीचं, भोक अरुंद, नव्या चिमट्याची वरची नळी जाड. दोन वेगळ्या काळांतल्या वस्तू त्या. एकमेकींची भाषा त्यांना येत नव्हती.

तो चिमटा घेऊन तालुक्याला गेला. लेथवाल्याकडून जाड नळी काढून तिच्या जागी बारीक नळी कातून घेतली, ठोकून बसवून घेतली. जुना दांड्यांचा ब्रेक नव्या चिमट्याला बसत नव्हता, म्हणून पुढचं चाक नवं, ब्रेकही नवा. एक गोष्ट बदलली की दुसरी बदलायला लागत होती.

अखेर सगळं बसलं, आणि सायकलनं मान वर काढली. लगाम खेचलेल्या घोड्यासारखी.

नवा चिमटा जुन्यापेक्षा चांगलाच उंच होता. हँडल वर गेलं, पुढचं चाक जरा लांब गेलं. फ्रेम मागं रेलून उभी राहिली.

वैजनाथला सायकल कळत होती. ही फ्रेम ज्यानं बांधली, त्यानं ती एवढ्या उंच चिमट्यासाठी बांधली नव्हती. आता प्रत्येक दणक्याला तो लांब पाय मानेपाशी पहार घातल्यासारखा ताण देणार. खालची नळी जिथं मानेला मिळते, तिथं.

हे त्याच्या मनात आलं. आलं आणि त्यानं ते बाजूला सारलं. पोलाद आहे, टिकेल, असं तो मनाशी म्हणाला. दुसरी भीती एवढी मोठी होती, की या भीतीला बसायला जागा नव्हती.

माई येऊन उभ्या राहिल्या.

"झाली?"

"झाली. बघा..." त्यानं हँडलवर भार टाकला. पुढचा भाग मऊ दबला, पुन्हा वर आला.

माईंनी हाताचा तळवा हँडलवर ठेवून दाबून पाहिलं.

"आणि मागचं?"

"मागचं तसंच. मागं काही करायला नको, माई. दणका पुढून येतो."

"पुढून येतो होय?"

वैजनाथच्या हातातला पाना मागच्या चाकापाशी थांबला. 

माई आत निघून गेल्या होत्या.

त्यानं देवळासमोरच्या सपाट अंगणात सायकल फिरवून पाहिली. झकास चालली. पायरीवरनं उतरवली, कळलंसुद्धा नाही. मग तो वाटेच्या तोंडाशी गेला. जिथून उतार लागतो तिथं. तिथं उभा राहिला...

उद्या जाऊ, म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही उद्या जाऊ म्हणाला.

*

सकाळचं ऊन पडवीत आलेलं असताना खालून बिरू आला. धनगरवाड्यावरचा जवान गडी, पण धापा अशा टाकत होता की शब्द बाहेर येईनात. पडवीच्या खांबाला धरून उभा राहिला.

"माई... भागी वैनी अडलीया. पहाटेपास्नं."

माईंनी हातातलं काम खाली ठेवलं.

"पाणी गेलं?"

"गेलं. आन् माई... पाय दिसतोय. पोराचा पाय आदी आलाय."

माईंचा चेहरा वैजनाथनं पाहिला. त्यावर काहीच उमटलं नाही. फक्त त्या उठल्या. दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून, भिंतीचा आधार घेऊन. उठायला त्यांना बराच वेळ लागला.

"वैजू, गाडीला फोन कर."

त्यानं केला. रुग्णवाहिका निघेल, डांबरी सडकेपर्यंत येईल, असं सांगितलं. सडकेपासून वाड्यापर्यंत चालतच जायचं होतं. झोळी करून बाईला वर आणायचं, तर तोवर...

"तोवर थांबत नाही ते," माई म्हणाल्या. आतून त्यांनी पिशवी आणली. "बिरू, तू पायवाटेनं पुढं पळ. पाणी उकळायला सांग. तिला जोर लावू नको म्हणावं, आणि पोराला कोणी ओढू नका. मी आले म्हणून सांग."

बिरू झाडीत शिरला.

"सायकल काढ, वैजू."

वैजनाथला वाटलं, आपण ऐकलंच नाही. मग वाटलं, ऐकलं.

"माई, तुम्हाला मागं बसवून..."

"माझ्या गुडघ्यांनी मी दुपारी पोचेन."

"आपण माणसं बोलावू. डोली करू."

"कोण आहे इथं?"

अंगणात कोणी नव्हतं. देवळाच्या कळसावर एक कावळा होता.

"माई, वाट..." तो म्हणाला. "ती वाट फार..."

"ती आता तुझ्या हातापर्यंत पोचणार नाही ना?"

 त्याच क्षणी त्यानं सांगून टाकायला हवं होतं. वाट नाही माई, मी. माझीच छाती फुटतेय. पण घाटाच्या राजाला ते म्हणता आलं नाही. म्हणण्यापेक्षा सायकल काढणं सोपं होतं.

त्यानं सायकल काढली.

माई कॅरिअरवर एका अंगाला पाय टाकून बसल्या. पिशवी मांडीवर. डाव्या हातानं त्यांनी त्याच्या सदऱ्याची पाठ मुठीत धरली.

"हं," त्या म्हणाल्या.

*

वाटेच्या तोंडाशी त्याची बोटं आवळली.

त्याला मागं बघावंसं वाटलं नाही. मागं कुणीतरी आहे, एवढंच अंगभर भरून राहिलं. त्याच्या मागच्या चाकाला चिकटून कुणीतरी आहे. आपण रस्ता बघतो म्हणून त्यानं डोळे आपल्यावर सोपवलेत...

पुढचं चाक पहिल्या दगडावर चढलं, आणि काहीच झालं नाही.

हातांना काही कळलंच नाही. दुसरा दगड, मूळ, खळगा. चिमटा वरखाली होत होता, पण हँडल गपगार. जणू पाण्यावरून चाललोय. पुढं सगळं उलथापालथ होतंय आणि आपल्याला कोणी काही सांगतच नाहीये.

हळूहळू बोटं सैल झाली.

त्याला आपलंच नवल वाटलं. एवढंच होतं तर! एवढ्या दिवसांची तडफड, आणि औषध एका पार्सलात बसणारं. त्यानं ब्रेक अजून सोडला. झाडं मागं पळायला लागली. दरीचं अंग उजव्या हाताला उघडं पडलं, खाली निळसर धूर दिसला, वाड्याचा असावा. भागी तिथं होती. लवकर पोचायला हवं. त्यानं आणखी सोडला.

गुंडू गेल्यापासून तो पहिल्यांदाच सायकलवरनं उतार उतरत होता, आणि त्याला भीती वाटत नव्हती.

भीती वाटत नव्हती, म्हणून वेगही कळत नव्हता.

कुठंतरी एक बारीक थरथर सुरू झाली.

त्यानं हँडलकडं पाहिलं. हँडल शांत होतं. पायांत पाहिलं, पाय शांत होते. थरथर त्याच्या पाठीवर होती. सदरा जिथं मुठीत धरलेला होता, तिथं. ती मूठ थरथरत होती. जाडजूड, कष्टाची, शेकडो पोरं जगात आणलेली मूठ... पारव्याच्या छातीसारखी थरथरत होती.

"माई?"

मूठ आणखी घट्ट झाली.

"माई, भ्यालात?"

"हो."

एवढासा आवाज. वाऱ्यात उडून जाईल असा.

 माई भ्याल्यात. जिला भय ठाऊक नाही असं सगळा मुलूख सांगतो ती बाई आपल्या पाठीमागं बसून थरथरतेय, आणि आपण मजेत खाली चाललोय.

त्यानं मागं बघितलं.

उतारावर, वेगात, आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मान वळवून मागं बघितलं. माईंचे डोळे मिटलेले नव्हते. टक्क उघडे होते, आणि वाटेवरचा एकूणएक दगड त्यांच्यात दिसत असावा, असे ताणलेले.

त्यानं दोन्ही ब्रेक दाबले. झटक्यानं नाही. जशी भ्यालेली माणसं दाबतात तसे, हळूहळू, जीव मुठीत धरून.

वेग उतरला, तसा एक आवाज ऐकू यायला लागला. वाऱ्याच्या आवाजात तो इतका वेळ बुडून गेला होता.

किर्र... किर्र...

प्रत्येक दगडाला. मानेपाशी.

त्याला तो आवाज पहिल्याच क्षणी ओळखू आला. पडवीत बसून ज्याला बाजूला सारलं होतं, तेच होतं ते.

"उतरा माई! पाय टेका, पाय टेका!"

माईंनी पाय टेकले. सायकल सरकत गेली, त्यानंही पाय रोवले, आणि थांबता थांबता टक् असा कोरडा आवाज झाला. खालची नळी सांध्यापाशी उघडली. पुढचं चाक आपला नवा चिमटा घेऊन पुढं कललं, फ्रेम खाली बसली. एखाद्या जनावरानं गुडघे टेकावेत तशी.

पुढं सायकलच्या लांबीएवढी वाट होती. मग वळण होतं. वळणाला कठडा नव्हता.

वैजनाथनं तिथून खाली पाहिलं, आणि जमिनीवर बसला.

*

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकायला हवं, नाहीतर ऐकणाऱ्याचा जीव भागीत अडकून राहील.

उरलेली वाट वैजनाथ माईंना पाठीवर घेऊन उतरला. उतरला म्हणण्यापेक्षा पळाला. त्याच वळणावरून, त्याच दगडांवरून, प्रत्येक दगड तळपायाला लागत असताना. वाड्यावर पोचल्यावर माई आत गेल्या आणि दार लोटलं गेलं. बाहेर बायका देवाला साकडं घालत होत्या. भागीचा नवरा बिरोबाच्या दगडाला डोकं टेकून होता, ते त्यानं उचललंच नाही. आतून भागीचा आवाज येत होता, मग तो येईनासा झाला. मग कसलाच आवाज नाही. वैजनाथ कुडाला हात लावून उभा राहिला. त्या शांततेत त्याला जे वाटलं, त्यापुढं घाटातलं काहीच नव्हतं.

मग मांजराच्या पिलासारखं काहीतरी कुरकुरलं. मग रडलं.

मुलगी झाली होती. निळी पडलेली आली होती, पण माईंनी तिला पायाला धरून, चोळून, फुंकर घालून जगात ओढून घेतलं. भागीला रक्त फार गेलं. तिला झोळीतून सडकेपर्यंत नेलं. झोळीचं पुढचं टोक वैजनाथच्या खांद्यावर होतं. रुग्णवाहिका येऊन थांबलेली होती. काही दिवसांनी भागी पोरीला घेऊन वाड्यावर परत आली. ती पोर आता शेळ्यांमागं धावते.

हे सगळं नंतरचं.

त्याआधी, त्या वळणाच्या अलीकडं, मोडलेली सायकल वाटेत आडवी पडली होती, आणि वैजनाथ तिच्याशेजारी मातीत बसला होता.   

माई पिशवीतलं सामान चाचपून बघत होत्या. काही फुटलंय का, काही सांडलंय का.

"माई... तुम्हाला खरंच भीती वाटली?"

"हो."

"आज?"

"रोज वाटायची. पहिल्या दिवसापासनं."

"पण खाली सगळे म्हणतात, माईला भ्या ठावं न्हाई."

"त्यांनी मला खाली पोचल्यावर पाहिलंय."

 गुंडू गेल्यापासून जे आत कोंडून ठेवलं होतं, ते वर आलं, आणि या वेळी त्यानं ते अडवलं नाही.

"माई, मी शांततेसाठी आलो नव्हतो. मला भीती वाटते. फार भीती वाटते. उताराची नाही, माई... मागून आवाज येईल याची. मी वळून बघितलं नाही त्याच्याकडं. मी पुढचं वळण घेत बसलो..."

माई ऐकत होत्या. त्यांनी त्याला थांबवलं नाही, समजावलंही नाही. पिशवीचा बंद त्यांनी गळ्यात अडकवला. पदर कमरेला खोचला.

"सांगा ना, माई. कशी घालवायची ही? एवढ्यासाठीच आलो होतो मी. तुम्ही कशी घालवलीत?"

खालून, झाडीच्या पलीकडून, एका बाईचा लांबलेला आवाज आला...

माईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात अजून थरथरत होता.

"भागी अडलीय रे खाली," माई म्हणाल्या. "वाक."